ट्रॅक्टरने बांधालगतची पेरणी : शेताच्या कडा नीट कशा भरून काढाव्यात

शेताच्या मध्यभागी सरळ ओळी पेरणे नवख्या चालकालाही थोड्या सरावाने जमू लागते. त्याची खरी परीक्षा होते ती बांधाजवळ. पीक वीतभर वाढले की कडेला काय घडले होते ते कोणीही सांगू शकतो. कुठे दोनदा बी पडल्यामुळे रोपांची दाटी झालेली असते, कुठे ट्रॅक्टर वळलेल्या जागी जमीन घट्ट होऊन उगवण विरळ झालेली असते, तर कोपऱ्यात गवताने भरलेला एक तिकोनी तुकडा मोकळाच राहिलेला असतो. अशा वेळी दोष चालकाच्या हाताला दिला जातो, पण माझ्या मते बहुतेक वेळा चूक असते ती क्रमाची. कडेची पेरणी सर्वांत शेवटी होत असली, तरी ती कशी होणार हे पेरणी यंत्राचा पहिला फण, म्हणजे माती चिरणारा दात, जमिनीत जाण्यापूर्वी ठरवावे लागते.

पुढील विवेचन एका ठरावीक उदाहरणावर आधारलेले आहे, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. जमीन काळी, पीक खरिपातील सोयाबीन, ट्रॅक्टर ४० ते ४५ अश्वशक्तीचा, त्याला थ्री पॉइंट लिंकेजवर (मागच्या, उचलता येणाऱ्या तीन टोकांच्या जोडणीवर) जोडलेले नऊ फणी पेरणी यंत्र आणि शेत १०० मीटर लांब व ४० मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक एकर, असे धरू. आपले शेत आणि यंत्र निराळे असेल, तर आकडे बदलतील. हिशेबाची रीत तीच राहील.

यंत्राची कामाची रुंदी आधी काढावी

पेरणी यंत्राच्या सांगाड्याची लांबी आणि त्याची कामाची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कडेचा सगळा हिशेब दुसरीवर चालतो. नऊ फणांमध्ये प्रत्येकी २२.५ सेंटिमीटर अंतर असेल, तर पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत १८० सेंटिमीटर भरतात. परंतु पुढच्या फेऱ्यातील पहिली ओळ आधीच्या फेऱ्यातील शेवटच्या ओळीपासून तेवढ्याच अंतरावर यायला हवी, म्हणून एका फेऱ्यात पेरली जाणारी रुंदी ९ × २२.५, म्हणजे २०२.५ सेंटिमीटर होते. याच यंत्राने सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरायचे असल्यास एकाआड एक नळी बंद करून पाच फण चालू ठेवतात. टोकाच्या फणांमधील अंतर तेव्हाही १८० सेंटिमीटरच असते, मात्र कामाची रुंदी ५ × ४५, म्हणजे २२५ सेंटिमीटर होते. सांगाडा एकच असूनही पीक बदलले की रुंदी बदलते, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही, आणि मग बांधाजवळ अर्ध्या फेऱ्याएवढी विचित्र पट्टी उरते.

मार्कर, म्हणजे पुढच्या फेऱ्यासाठी जमिनीवर खूण ओढणारी दांडी असेल, तर त्याची खूणही याच आकड्यावरून बसवावी. ट्रॅक्टरचा मध्य त्या खुणेवरून न्यायचा असेल, तर यंत्राच्या मध्यापासून २२५ सेंटिमीटरवर खूण पडली पाहिजे. पेरलेल्या बाजूचे पुढचे चाक खुणेवरून चालवायचे असेल, तर पुढच्या दोन चाकांमधील अंतराच्या निम्मे त्यातून वजा करावे. हे अंतर १३० सेंटिमीटर असेल, तर खूण मध्यापासून १६० सेंटिमीटरवर येईल. मार्कर नसल्यास शेवटच्या ओळीपासून टोकाच्या फणापर्यंतचे अंतर ४५ सेंटिमीटर राहते आहे की नाही, हे मदतनिसाने पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पट्टीने मोजून चालकाला सांगावे.

बियाण्याचे प्रमाण शेतात उतरण्यापूर्वी तपासावे. बियाणे पाडणाऱ्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर त्याचा घेर सुमारे १.२६ मीटर होतो; यंत्र उचलून हे चाक हाताने २० वेळा फिरवले म्हणजे सुमारे ५६.५ चौरस मीटर क्षेत्राचे बी पडते. एकरी ३० किलो सोयाबीन पेरायचे असेल, तर पाच नळ्यांतून मिळून साधारण ४२० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून ८४ ग्रॅमच्या आसपास दाणे पडायला हवेत. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधून वजन करावे, कारण एकूण वजन बरोबर आले तरी एखादी नळी कमी आणि दुसरी जास्त पाडत असण्याची शक्यता असते.

वळणाची पट्टी किती रुंद ठेवावी

ओळींच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळवण्यासाठी जी जागा आरंभी न पेरता सोडतात, तिला येथे वळणाची पट्टी म्हटले आहे. तिच्या रुंदीबाबत एकच नियम पाळावा : ती वळण्यास पुरेशी असावी आणि यंत्राच्या कामाच्या रुंदीच्या पूर्ण पटीत असावी. आपल्या उदाहरणात ती दोन फेऱ्यांची (४.५ मीटर), तीन फेऱ्यांची (६.७५ मीटर) किंवा चार फेऱ्यांची (९ मीटर) असू शकते, पाच किंवा सहा मीटरची मात्र असू नये, कारण मग शेवटचा फेरा एकतर बांधावर चढतो किंवा आधीच्या ओळींवर पडतो.

किती फेऱ्यांची पट्टी पुरेल, हे मोकळ्या जागेत करून पाहावे. जमिनीवर एक रेघ ओढून, यंत्र उचललेल्या स्थितीत ट्रॅक्टर रेघेपलीकडे न्यावा, वळवावा, आणि शेजारच्या फेऱ्याच्या जागी सरळ उभा करावा. या हालचालीत ट्रॅक्टरचे नाक रेघेपासून जास्तीत जास्त किती दूर गेले ते मोजावे. या आकाराचा ट्रॅक्टर ब्रेकच्या आधाराने साधारण तीन मीटरच्या त्रिज्येत वळतो, आणि फण मागच्या आसाच्याही दीड-दोन मीटर मागे असतात. एका बाजूला वळून, थोडे मागे घेऊन पुन्हा वळल्यास तीन फेऱ्यांची पट्टी जेमतेम पुरते. न थांबता गोल वळण घ्यायचे असेल, तर चार फेऱ्यांची पट्टी लागते. हात बसेपर्यंत चार फेऱ्यांची पट्टी ठेवण्यात काहीही कमीपणा नाही, परंतु ट्रॅक्टर जितका जास्त जागेत वळतो तितकी जास्त जमीन दबते, म्हणून सराव झाल्यावर तीनवर यावे.

ओळींची दिशाही याच हिशेबात येते. ओळी १०० मीटर लांबीच्या दिशेने घेतल्या, तर दोन्ही टोकांच्या ६.७५ मीटरच्या पट्ट्या मिळून ५४० चौरस मीटर होतात, म्हणजे शेताचा सुमारे साडेतेरा टक्के भाग वळणांखाली जातो. त्याच ओळी ४० मीटरच्या दिशेने घेतल्यास हे क्षेत्र १,३५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३४ टक्के होते. शिवाय १८ फेऱ्यांऐवजी ४५ फेरे लागतात आणि वळणे त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून ओळी लांब बाजूला समांतर घ्याव्यात, हा सर्वसाधारण नियम आहे.

याला महत्त्वाचा अपवाद उताराचा आहे. जमिनीला स्पष्ट उतार असेल, तर पेरणी उताराला आडवीच करावी, मग ती बाजू आखूड असली तरी चालेल, कारण उताराच्या दिशेने गेलेली प्रत्येक काकर (फणाने पडलेली चर) पावसाळ्यात पाण्याला वाट करून देते आणि माती घेऊन जाते. अशा शेतात वळणाच्या पट्टीतील ओळी आपोआप उताराच्या दिशेने येतात, हे विसरू नये. ही पट्टी शक्य तितकी अरुंद ठेवावी, तिच्या खालच्या टोकाला बांधाचा सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) असेल तर त्याच्या तोंडाशी दोन-तीन मीटर जागा पेरू नये, आणि तेथील गवतही काढू नये. रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरणी करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : आडव्या पट्टीतील वरंब्यामुळे मधल्या सऱ्यांची तोंडे बुजतात, म्हणून पेरणीनंतर खालच्या बाजूची तोंडे फावड्याने मोकळी करून चराला जोडावीत.

खुणा करणे

पेरणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी दोन्ही टोकांच्या बांधापासून ६.७५ मीटर अंतर चार-पाच ठिकाणी मोजून खुंट्या ठोकाव्यात, दोरी ताणावी आणि दोरीवरून चुन्याची किंवा राखेची रेघ ओढावी. चुना नसेल, तर कल्टिव्हेटरचा एकच फण उथळ टेकवून काकर मारावी. ती ट्रॅक्टरच्या आसनावरूनही चांगली दिसते. चार-पाच ठिकाणी मोजण्याचे कारण असे की बांध डोळ्यांना सरळ वाटतो, पण क्वचितच सरळ असतो. जेथे तो आत आला असेल तेथील अंतर ६.७५ मीटर धरावे आणि रेघ सरळच ठेवावी. बांध बाहेर गेलेल्या जागी उरणारे वेडेवाकडे तुकडे बांधाच्या बाजूला राहू द्यावेत, ते हाताने टोकता येतात, म्हणजे एकेक बी मातीत खुपसून पेरता येतात. बांधाच्या प्रत्येक वळणाबरोबर रेघ वाकवली, तर आतल्या सर्व ओळींची टोके वाकडी येतात आणि पुढे कोळपणीच्या (ओळींमधले तण काढण्याच्या) वेळी बैल किंवा कोळपे नेमके कोठे वळवावे हे कळत नाही.

बांधाच्या पायथ्यालगत सुमारे ३० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि अंतर तेथून मोजावे, बांधाच्या माथ्यापासून नव्हे. फण बांधात घुसवून दोन ओळी वाढवण्याचा मोह दरवर्षी अनेकांना होतो. त्यातून किती धान्य मिळते ते ठाऊक नाही, पण भांडणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा सांभाळणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे, तेव्हा मोजणीचा दगड जेथे असेल तेथे लाल कापड बांधलेली काठी आधी रोवावी. विजेच्या खांबाची ताणाची तार, बोअरचा पाइप, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, गवतात लपलेला दगड यांच्याजवळही अशीच काठी असावी.

क्रम शेताच्या वाटेवरून ठरवावा

येथे नवखे चालक सर्वांत जास्त फसतात. मधला भाग आधी पेरायचा आणि वळणाच्या पट्ट्या शेवटी, एवढे त्यांनी ऐकलेले असते. ते तसे करतात, आणि मग ट्रॅक्टर शेताच्या पलीकडच्या पट्टीत अडकतो. वाटेकडे परत यायचे तर पेरलेल्या शेतावरूनच चाके न्यावी लागतात. म्हणून विचार उलट दिशेने करावा : ट्रॅक्टर शेताबाहेर कोठून पडणार, त्याआधी तो कोठे असणार, आणि त्याच्याही आधी कोठे.

समजा, शेतात शिरण्याची वाट दक्षिण टोकाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात आहे आणि ओळी दक्षिणोत्तर आहेत. अशा वेळी पेरणी पश्चिमेच्या बांधाकडून सुरू करावी आणि दोन रेघांमधील भाग एकामागून एक फेरे घेत पूर्वेकडे पेरत यावे. पूर्वेच्या बांधालगतचा शेवटचा एक फेरा मात्र पेरू नये. ती २२५ सेंटिमीटरची पट्टी परतीची वाट म्हणून मोकळी राहू द्यावी. शेवटून दुसरा फेरा उत्तरेकडे संपला, तर उत्तमच. तो दक्षिणेकडे संपला, तर याच मोकळ्या पट्टीतून यंत्र उचलून उत्तरेकडे जावे. त्यानंतर उत्तरेची आडवी पट्टी पेरावी, तिच्या पूर्व कोपऱ्यात ट्रॅक्टर दक्षिणेकडे वळवावा, राखून ठेवलेली पट्टी पेरत खाली यावे, आणि सरतेशेवटी दक्षिणेची आडवी पट्टी अशा रीतीने पेरावी की तिचा अखेरचा फेरा वाटेपाशी संपेल. पलीकडच्या बाजूलाही शेताबाहेर पडायला वाट असेल, तर परतीची पट्टी राखण्याची गरज उरत नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक शेतांना वाट एकच असते, आणि तीही कधी शेजाऱ्याच्या शेतातून.

आडव्या पट्ट्या आधी पेरून मग मधला भाग पेरण्याचीही एक रीत आहे. तिचा फायदा असा की पेरलेल्या पट्टीची कड समोर दिसत असल्यामुळे यंत्र कोठे उचलायचे हे आपोआप कळते. तथापि मधल्या भागाची सर्व वळणे मग पेरलेल्या बियाण्यावरच घेतली जातात. भुरभुरीत हलक्या जमिनीत हे एक वेळ खपून जाईल. ओलसर काळ्या जमिनीत चाकांखाली बी दबते, वरची माती थापली जाते आणि सोयाबीनसारख्या नाजूक कोंबाच्या पिकाला ती फोडून वर येता येत नाही. म्हणून काळ्या जमिनीत ही रीत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शेताला बांधाकडून गोल गोल फेऱ्या मारत आत जाण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. तिच्यात काम भरभर झाल्यासारखे वाटते, परंतु प्रत्येक कोपऱ्यातून शेताच्या मध्याकडे जाणारी एक तिरकी मोकळी पट्टी तयार होते आणि ओळीत कोळपणी करणे अवघड होते.

रेघेवर यंत्र सोडणे आणि उचलणे

चालक यंत्राच्या पुढे बसलेला असतो, त्यामुळे स्वतःचे आसन रेघेवर आले की तो यंत्र उचलतो आणि मागे दोन-अडीच मीटर जागा रिकामी राहते. यंत्र उचलायचे ते फण रेघेवर आल्यावर. पहिल्या काही फेऱ्यांत मदतनिसाने रेघेच्या टोकाला, ट्रॅक्टरच्या मार्गापासून दूर उभे राहून हात वर करून इशारा द्यावा. पुढे ट्रॅक्टरचा कोणता भाग रेघेच्या किती पलीकडे गेला की फण बरोबर रेघेवर येतात, याचा अंदाज चालकाला स्वतःलाच येतो.

यंत्र सोडताना गोष्ट उलटी असते. बियाणे पाडणारे चाक जमिनीला टेकून फिरू लागल्यानंतरच पेटीतून दाणे सुटतात, आणि नळीतून मातीत पोहोचायला त्यांना साधारण अर्धा सेकंद लागतो. ताशी चार किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात १.१ मीटर पुढे जातो, म्हणजे यंत्र टेकल्यापासून किमान अर्धा मीटर जागा बियाण्यावाचून जाते. त्यामुळे आत शिरताना यंत्र रेघेच्या अर्धा ते पाऊण मीटर अलीकडे, वळणाच्या पट्टीत असतानाच टेकवावे. बाहेर पडताना ते रेघेवर उचलावे; नळीत राहिलेले दाणे उचलल्यानंतर मातीवर उघडे पडतात, ते थोडेच असतात आणि पुढे आडवी पट्टी मोकळी करताना झाकले जातात.

बहुतेक यंत्रांवर फण पुढे-मागे अशा दोन रांगांत बसवलेले असतात, त्यामुळे ओळींची टोके एका रेषेत न येता दातेरी येतात. याला इलाज नाही आणि गरजही नाही. मागची रांग रेघेवर आल्यावर यंत्र उचलावे, म्हणजे कोणतीही ओळ आखूड राहणार नाही.

उचलण्या-सोडण्यासाठी हायड्रॉलिकचा पोझिशन कंट्रोल (यंत्र ठरावीक उंचीवर धरून ठेवणारा लिव्हर) वापरावा आणि त्याच्या खाचेत असलेली अडवणूक पक्की करावी, म्हणजे लिव्हर दर वेळी त्याच जागी येऊन थांबेल आणि खोली बदलणार नाही. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. यंत्र टेकवताना ट्रॅक्टर नेहमी पुढे सरकत असला पाहिजे. यंत्र जमिनीत असताना ट्रॅक्टर एक वीतही मागे घेऊ नये; फणामागच्या बूटात, म्हणजे बी मातीत सोडणाऱ्या टोकात, माती ठासून बसते, नळी तुंबते, आणि पुढचा संपूर्ण फेरा त्या ओळीत बी पडत नाही. वरून पाहता हे कळत नाही, पेटी हळूहळू रिकामी होतच असते. शंका आल्यास खाली उतरून सर्व नळ्या पाहाव्यात, त्यात वेळ जातो असे वाटले तरी.

वळताना वेग कमी करावा, पण फेऱ्यात इंजिनाची गती एकसारखी ठेवावी. रेघेजवळ आल्यावर घाईने वेग वाढवणे किंवा दाबणे यामुळे फणांची खोली बदलते आणि कडेच्या दोन-तीन मीटरमध्ये उगवण असमान होते.

आडवी पट्टी पेरताना

मधला भाग पूर्ण होईपर्यंत प्रत्येक पट्टीवर आठेक वळणे झालेली असतात. तिच्यात तशीच पेरणी केली, तर फण कडक भागात वर उचलले जातात आणि बी उथळ पडते. म्हणून पेरणी यंत्र सोडून कल्टिव्हेटर जोडावा, पट्टीवर एक उथळ पाळी द्यावी, आणि ढेकळे निघाल्यास वखर फिरवावा. दुसरा ट्रॅक्टर किंवा बैलजोडी उपलब्ध असेल, तर हे काम त्यांच्याकडून करून घेतल्यास अवजारे बदलण्याचा वेळ वाचतो. दुरुस्त केलेली पट्टी त्याच दिवशी पेरावी, कारण उघडी केलेली ओलसर माती उन्हात झपाट्याने सुकते. मऊ झालेल्या मातीत फण अधिक खोल जातात, तेव्हा खोली पुन्हा तपासून घ्यावी. पट्टीसाठी लागणारे बियाणे आधीच वेगळे काढून ठेवावे. ५४० चौरस मीटरला सुमारे चार किलो लागते. हे भाड्याच्या ट्रॅक्टरने काम करवून घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण पेटीतले बी मध्येच संपले की पट्टी अर्धवट सोडून ट्रॅक्टर पुढच्या शेतात जातो.

पट्टीतील तीन फेऱ्यांपैकी आतला, म्हणजे ओळींच्या टोकांना लागून असलेला फेरा प्रथम पेरावा, मग मधला आणि शेवटी बांधालगतचा. या क्रमाने चाके नेहमी न पेरलेल्या बाजूला राहतात. ओळींची टोके आणि आडव्या पट्टीची पहिली ओळ यांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. यापेक्षा कमी ठेवल्यास दाटी होते.

पट्टीच्या टोकाला पूर्ण वळण घेण्यास जागा नसते. म्हणून तीनही फेरे एकाच दिशेने पेरावेत : फेरा संपला की यंत्र उचलावे, न पेरलेल्या शेजारच्या भागावरून ट्रॅक्टर मागे घेत आरंभाच्या बांधापर्यंत यावे, आणि पुढचा फेरा सुरू करावा. चाळीस मीटर मागे जाणे कंटाळवाणे असले, तरी पेरलेल्या भागावर चाक जात नाही. मागे येताना यंत्र पूर्ण उचललेले असावे आणि त्याच्या फळीवर कोणीही उभे नसावे.

जेथून परतीच्या पट्टीकडे वळायचे आहे त्या कोपऱ्यात तीनही फेरे बांधाच्या पाचेक मीटर अलीकडे थांबवावेत. तेवढ्या जागेत ट्रॅक्टर पुढे-मागे करून वळवावा, उचललेले यंत्र बांधापर्यंत मागे न्यावे, आणि ट्रॅक्टर पुढे सरकू लागताच यंत्र टेकवून परतीची पट्टी पेरत निघावे. कोपऱ्यात राहिलेला लहानसा चौकोन हाताने टोकावा. एका माणसाला त्यासाठी फार वेळ लागत नाही, आणि यंत्राने तो भरण्याच्या खटाटोपात जास्त रोपे तुडवली जातात.

कोपरे, निमुळते तुकडे आणि अडथळे

इतर कोपऱ्यांत ट्रॅक्टरचे नाक बांधाला टेकण्यापूर्वी थांबावे लागते, म्हणून आडव्या फेऱ्याच्या शेवटी चार-साडेचार मीटर जागा राहते. बांधालगतच्या फेऱ्याचा आरंभ मात्र यंत्र मागे नेऊन अगदी कोपऱ्यापासून करता येतो. तेव्हा जो कोपरा महत्त्वाचा किंवा सुपीक आहे, तेथून फेरे सुरू करावेत, आणि जेथे झाड, दगड किंवा पाणथळ जागा आहे तेथे संपवावेत.

बांधाजवळ वळताना यंत्राची शेपटी वळण्याच्या विरुद्ध दिशेला फिरते. ट्रॅक्टर बांधापासून दूर वळवला, तर मागचे यंत्र बांधाकडे झुकते. तारेचे कुंपण, खांब आणि कडेला उभी असलेली माणसे यांना धोका असतो तो याच क्षणी. खालच्या दोन्ही आर्मच्या साखळ्या आवळलेल्या असाव्यात, म्हणजे यंत्र डोलणार नाही. विहिरीजवळ, विशेषतः न बांधलेल्या कच्च्या विहिरीजवळ, मागचे चाक काठापासून कित्येक मीटर दूर राहील अशी काठ्यांची सीमा आधीच आखावी, आणि तिच्या आत ट्रॅक्टर कोणत्याही कारणाने नेऊ नये. वळणासाठी वापरलेले डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर जाण्यापूर्वी पुन्हा एकत्र जोडावेत.

एका बाजूने निमुळत्या होत गेलेल्या शेतात सर्वांत लांब आणि सरळ बांधाकडून आरंभ करावा, म्हणजे सगळा तिरकेपणा एकाच बाजूला गोळा होतो. त्या बाजूला फेरे आखूड होत जातात. जेथे पट्टी यंत्राच्या रुंदीपेक्षा कमी उरते, तेथे आधीच्या ओळींवर पडणाऱ्या नळ्यांचे झाकण पेटीपाशी बंद करावे. नळी नुसती बाहेर काढून ठेवल्यास बी मातीवर सांडत राहते. फेरा संपल्यावर ती झाकणे उघडण्याची आठवण मदतनिसावर सोपवावी.

खांब किंवा एकटे झाड आडवे आल्यास त्याला वळसा घालून ओळी वाकवू नयेत. यंत्र उचलून सरळ रेषेतच पलीकडे जाता येईल असे पाहावे, अन्यथा तेथे फेरा तोडावा आणि राहिलेली जागा टोकून भरावी. बांधाच्या पायथ्याचे वाकडे तुकडे सोयाबीननेच भरले पाहिजेत असेही नाही. तेथे तुरीची एखादी ओळ, किंवा तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून एरंड लावता येतो.

वेळ आणि उगवणीनंतरची पाहणी

खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वापसा (जमिनीत पेरणीयोग्य ओल) आल्यावर करावी, ही शिफारस परिचित आहे. कडांसाठी वापसा वेगळा पाहावा, कारण बांधालगत पाणी साचून ओल जास्त टिकते. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा फुटला, तर जमीन तयार आहे. टायरच्या नक्षीचा ठसा चकाकत असेल, तर मधला भाग पेरून घ्यावा आणि पट्टी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.

सोयाबीन पाच ते सात दिवसांत उगवू लागते. आठव्या दिवसाच्या सुमारास बांधाच्या कडेने पूर्ण फेरी मारावी आणि नांगे पडलेल्या, म्हणजे बी न उगवलेल्या, जागी लगेच टोकून बी लावावे. उशिरा लावलेली रोपे आधीच्या रोपांच्या सावलीत दबून राहतात. उगवण कोठे गेली यावरून कारणही कळते. एकच ओळ बरेच अंतर रिकामी असेल, तर नळी तुंबली होती. रेघेच्या आतल्या बाजूला सर्वच ओळी अर्धा-पाऊण मीटर उशिरा सुरू झाल्या असतील, तर यंत्र उशिरा टेकवले गेले. पट्टीत चाकांच्या मार्गावरच विरळ उगवण असेल, तर कल्टिव्हेटरची पाळी पुरेशी झाली नाही.

सोयाबीन काढल्यानंतर त्याच शेतात हरभरा ३० सेंटिमीटरवर पेरायचा असल्यास सात फण लागतात आणि कामाची रुंदी २१० सेंटिमीटर होते. तेव्हा खरिपाच्या खुंट्या शिल्लक असल्या, तरी त्या उपटून तीन फेऱ्यांसाठी ६.३० मीटरवर नव्याने रोवाव्या लागतात.